कुर्ट बोइसची सोळा वर्षं

टॅलेंट असेल तर माणूस जगात कुठेही जाऊन उभा राहतो, हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की त्यावर थांबून कोणी विचारच करत नाही. हिटलरच्या काळात जर्मनीतून पळालेल्या सिनेमावाल्यांचा विषय निघाला की तर ते हमखास येतं. लगेच नावं सुरू होतात, फ्रिट्झ लांग बघा, बिली वाइल्डर बघा, रॉबर्ट सिओडमाक बघा, जर्मनीने हिरे फेकले आणि अमेरिकेने उचलले, आणि मग असं काहीतरी वाटायला लागतं की चला, शेवटी सगळं नीटच झालं की, नुकसान झालं ते फक्त जर्मनीचं. मला हा हिशोब अजिबात मान्य नाही. ही यादी वाचलेल्यांची आहे, त्यातही जिंकलेल्यांची आहे, आणि मुख्य म्हणजे ती बहुतेक डायरेक्टर, कॅमेरामन, संगीतकार अशांची आहे ज्यांचं काम स्वतःच्या जिभेवर अवलंबून नव्हतं. वाइल्डर लेखक होता हे खरं, पण त्याने चार्ल्स ब्रॅकेटसारखा मुरलेला अमेरिकन लेखक जोडीला घेतला, कागदावर खाडाखोड करता येते, दुसऱ्याकडून वाक्य सुधारून घेता येतं. नटाचं तसं नसतं. त्याचं वाक्य त्याच्याच तोंडून निघणार आणि पहिल्या शब्दातच कळणार की हा इथला नाही.

म्हणून मी म्हणतो की एखाद्या देशाने आपले कलाकार हाकलले तर नेमकं काय मोडतं हे बघायचं असेल तर मोठ्या नावांकडे बघू नका, कॅरेक्टर ॲक्टरकडे बघा. आणि एकच बघायचा असेल तर कुर्ट बोइस बघा.

युद्धातून पळालेल्या निर्वासितांवरचा १९४२ चा हॉलिवूडपट 'कॅसाब्लांका' बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. त्यात सुरुवातीलाच एक बुटका, चटपटीत माणूस एका इंग्रज जोडप्याशी गोड बोलतो, सांभाळून राहा हं, इथे सगळीकडे गिधाडं आहेत असं बजावतो आणि बजावता बजावता त्या नवऱ्याचं पाकीट मारून निघून जातो. पुढे एकदा तो कार्ल नावाच्या जाड्या हेडवेटरला धडकतो आणि कार्ल घाईघाईने आपले खिसे चाचपतो. झालं, एवढाच रोल. टायटलमध्ये नाव आहे, पण शेवटचं. लोक हसतात आणि विसरतात. हा खिसेकापू म्हणजे कुर्ट बोइस आणि तो हेडवेटर म्हणजे एस. झेड. साकाल, आणि दहा वर्षांपूर्वी हे दोघंही बर्लिनमध्ये नाव असलेले कॉमेडियन होते, लोक त्यांचं नाव वाचून तिकीट काढायचे.

बोइसचा जन्म १९०१ चा, बर्लिनमधल्या ज्यू घरातला. सहा वर्षांचा असताना, १९०७ मध्ये, तो पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. १९०७ म्हणजे आपल्याकडे फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' यायला अजून सहा वर्षं होती. त्यानंतर ऑपेरेटामध्ये बालकलाकार म्हणून गाजला, मग कॅबरे, मग रेव्ह्यू, नाच, गाणी, पुढे अर्न्स्ट लुबिचच्या १९१९ च्या 'ऑयस्टर प्रिन्सेस'मध्ये ऑर्केस्ट्राचा कंडक्टर. त्या सिनेमात लग्नाच्या पार्टीत फॉक्सट्रॉटची साथ पसरते तो सीन बघा, सगळा वाडा नाचायला लागतो, स्वयंपाकघरातले नोकरसुद्धा, आणि समोर हा पोरगा अंगात आल्यासारखा बँड चालवतोय. मूकपट आहे, एक शब्द नाही, तरी त्याच्या अंगाचा ठेका ऐकू येतो. बर्लिनच्या रंगभूमीवर त्याची 'चार्लीज आंट' तुफान चालली. हो, तीच, जिच्यावरून अत्र्यांनी 'मोरूची मावशी' केली. त्यामुळे मराठी माणसाला हा नट कुठल्या जातीचा होता हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. साडी नेसलेला पुरुष स्टेजवर आला की नुसत्या चालण्यावर, नुसत्या मान वेळावण्यावर थिएटर डोक्यावर घेणारा नट किती तयारीचा असावा लागतो हे आपण विजय चव्हाणांमुळे बघितलंय. आणि त्यातला अर्धा हशा हा वाक्याच्या टायमिंगचा असतो, बोलीचा असतो, समोरच्या प्रेक्षकाला ती बोली आतून कळते म्हणून असतो.

मग १९३३ उजाडलं. २८ मार्चला हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने बर्लिनमध्ये सिनेमावाल्यांना बोलावून भाषण दिलं आणि दुसऱ्याच दिवशी ऊफा या सगळ्यात मोठ्या कंपनीच्या संचालकांनी ज्यू कर्मचाऱ्यांना काढायचा निर्णय घेतला. हे मुद्दाम सांगतोय, कारण तेव्हा असा कायदाही झालेला नव्हता. सरकारने नुसती दिशा दाखवली आणि कंपनीने पुढचं पाऊल स्वतःहून टाकलं. जुलैमध्ये सरकारी फिल्म चेंबर आलं आणि त्याचं सभासदत्व नसेल तर सिनेमात काम नाही असं झालं, म्हणजे एक कार्ड नाकारलं की माणसाचा धंदा संपला, त्याच्यावर वेगळी बंदी घालायलाच नको. बोइस तेव्हा बत्तीस वर्षांचा. नटाच्या आयुष्यातली सगळ्यात भरातली वर्षं आत्ता कुठे सुरू होणार होती. तो देश सोडून गेला आणि १९३४ मध्ये न्यूयॉर्कला पोचला.

पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. त्याने १९२७ मध्ये 'पापेनहाइमचा राजपुत्र' नावाच्या एका कॉमेडीत बायकी वेषात काम केलेलं होतं, लोक पोट धरून हसले होते. १९४० मध्ये नाझींनी 'डेर एविगे युडे' हा ज्यूंविरुद्धचा प्रचारपट काढला आणि त्यात तोच तुकडा उचलून लावला, बघा हे ज्यू कसे विकृत असतात म्हणून. ज्यू नट पीटर लॉरेचा 'एम' या सिनेमातला गाजलेला, खुन्याच्या कबुलीचा सीनही त्यात घुसडला, जणू काही नट म्हणजेच खुनी. म्हणजे माणूस हाकलला, त्याचं काम बंद केलं आणि वर त्याचंच जुनं काम त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं. ज्या प्रेक्षकांनी त्या सीनला टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनाच तो परत दाखवला. कलाकाराकडून आणखी काय काढून घेता येईल मला तर सुचत नाही.

आता अमेरिका. इथे मला कोणावर अन्याय करायचा नाहीये. हॉलिवूडमधल्या काही माणसांनी खरंच खूप केलं. एजंट पॉल कोहनर आणि लुबिच वगैरे मंडळींनी १९३८ मध्ये युरोपियन फिल्म फंड उभा केला, ज्यांना काम होतं त्यांनी पगारातला एक टक्का त्यात टाकायचा आणि त्यातून नवीन आलेल्यांचं भाडं, किराणा चालवायचं. स्टुडिओंनी काही लेखकांना एक वर्षाची काँट्रॅक्टं दिली, त्यामुळे त्यांना व्हिसा मिळाले आणि जीव वाचले. हे मोठंच काम आहे. पण नटाला नुसतं काँट्रॅक्ट पुरत नाही, त्याला रोल लागतो आणि रोल लिहिलेला असतो तिथल्या भाषेत तिथल्या माणसासाठी. मग परदेशी उच्चाराच्या नटाला उरतं काय, तर वेटर, न्हावी, डान्स मास्तर, कुठल्यातरी न सांगितलेल्या युरोपियन देशातला विचित्र माणूस. बोइसने वर्षानुवर्षं हेच केलं. १९४१ चा 'होल्ड बॅक द डॉन' घ्या, मेक्सिकोच्या सीमेवर व्हिसाची वाट बघत बसलेल्या निर्वासितांची गोष्ट. लिहिलाय वाइल्डर आणि ब्रॅकेटने, त्यात बोइस एका छोट्या रोलमध्ये आहे. दोघंही बर्लिनच्या त्याच सिनेजगतातून आलेले, दोघंही त्याच राजवटीमुळे पळालेले. वाइल्डर पुढच्याच वर्षी हॉलिवूडमध्ये डायरेक्टर झाला आणि काही वर्षांत ऑस्कर घेऊन आला, बोइस पुढच्या वर्षी खिसेकापू झाला. ह्यात टॅलेंटचा फरक शोधणारा माणूस मला तरी प्रामाणिक वाटणार नाही.

आणि 'कॅसाब्लांका' नीट बघितला ना तर तो सगळा सिनेमाच या प्रश्नाचा पुरावा आहे. त्यात एक म्हातारं जर्मन जोडपं आहे, उद्या अमेरिकेला निघालंय, म्हणून आपसात इंग्रजीच बोलायचं ठरवतं आणि किती वाजले एवढंसुद्धा धड विचारता येत नाही, कार्ल म्हणतो की अमेरिकेत तुमचं छान जमेल. आपण हसतो. त्यातली बाई म्हणजे इल्का ग्रूनिंग. बर्लिनमध्ये तिची ॲक्टिंग स्कूल होती, नामांकित. जर्मन स्टेजवर वाक्य कसं टाकायचं हे शिकवणारी बाई, तिला मिळालेलं काम म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी बोलून लोकांना हसवायचं. टायटलमध्ये तिचं नाव नाही, तिच्या नवऱ्याचं काम करणाऱ्या लुडविग श्टॉसेलचंही नाही.

आता नाझी झालेले बघा. मेजर श्ट्रासर म्हणजे कॉनराड फाइट, ज्याची बायको ज्यू होती आणि जो १९३३ मध्येच जर्मनी सोडून गेला. आणि बारमध्ये येणारा एक जर्मन ऑफिसर आहे तो हान्स हाइनरिश फॉन त्वार्डोव्स्की, तोही देश सोडलेला. हे दोघं १९२० च्या 'डॉक्टर कॅलिगरी'त एकत्र होते, ज्या सिनेमाने जगाला जर्मन सिनेमा दाखवला. बावीस वर्षांनी हे दोघं परत एका सिनेमात, नाझी गणवेशात. फाइटचं मत असं होतं की नाझी करायचाच तर तो नीच दिसला पाहिजे, आणि तो ते काम शत्रूशी लढाई म्हणूनच करायचा, त्याबद्दल मला आदरच आहे. पण पद्धत बघा, ज्या राजवटीने तुम्हाला हाकललं तिचा चेहरा बनणं हा तुमचा पोटापाण्याचा धंदा. उच्चार एकच, हाकलणाऱ्याचा आणि हाकललेल्याचा, आणि कास्टिंग करणाऱ्याला उच्चार तेवढा हवा असतो.

आपल्याकडे याची एक खूप सौम्य सावली दिसते. हिंदी सिनेमात मराठी बाई म्हटलं की वर्षानुवर्षं कामवाली आणि मराठी पुरुष म्हटलं की हवालदार, आणि आपण त्यावर चिडतो ते बरोबरच आहे. पण आपल्या नटाला संध्याकाळी शिवाजी मंदिरला जाऊन मराठी नाटकात मुख्य काम करता येतं, दिवाळीला घरी जाता येतं. बोइसकडे ते संध्याकाळचं नाटक नव्हतं. हद्दपारी म्हणजे तेच तर काढून घेणं.

इथे कोणी म्हणेल की बासरमानचं काय? बरोबर, अल्बर्ट बासरमानचं उदाहरण नेहमी दिलं जातं. जर्मन रंगभूमीचा सगळ्यात मोठा मान असलेली इफलँड अंगठी त्याच्याकडे होती, बायको ज्यू वंशाची म्हणून देश सोडला, सत्तरी ओलांडलेला म्हातारा, इंग्रजी येत नव्हतं, वाक्यं नुसती आवाज म्हणून पाठ केली आणि १९४० च्या हिचकॉकच्या सिनेमासाठी ऑस्कर नॉमिनेशन मिळवलं. थक्क करणारी गोष्ट आहे आणि मी ती कमी लेखणार नाही. पण मला तिच्यातून उलटंच दिसतं. अर्थ न कळता नुसत्या ध्वनीवर हा माणूस हे करू शकत होता, तर अर्थ कळून, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या स्टेजवर त्याने त्या दहा-बारा वर्षांत काय काय केलं असतं? ते आपल्याला कधीच बघायला मिळणार नाही. पीटर लॉरेनेही लंडनमध्ये पहिला इंग्रजी रोल असाच बराचसा पाठ करून निभावला, नंतर अमेरिकेत स्टार म्हणावा इतका मोठा झाला आणि तरी आठ सिनेमांत जपानी गुप्तहेर मिस्टर मोटो करत बसला, कारण परका म्हणजे परका, जर्मन काय आणि जपानी काय, स्टुडिओला सगळे सारखेच.

माझ्या म्हणण्याला खरा आधार झ्युरिकमध्ये आहे. झ्युरिक हे स्वित्झर्लंडमधलं जर्मन बोलणारं शहर, आणि देश युद्धाबाहेरचा. तिथल्या शाउश्पिलहाउस या थिएटरने १९३३ नंतर जर्मनीतून पळालेले नट कामावर घेतले, थेरेझे गीझे, लेओनार्ड श्टेकेल, एर्न्स्ट गिन्सबेर्ग, आणि छळछावणीत राहून आलेला वोल्फगांग लांगहोफ. यातलं कोणीही मोडलं नाही. उलट ते थिएटर त्या काळात जर्मन भाषेतलं सगळ्यात महत्त्वाचं थिएटर बनलं, जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 'मदर करेज'चा पहिला प्रयोग १९४१ मध्ये तिथेच झाला आणि करेज केली गीझेने. तीच पिढी, तीच आपत्ती, तसलेच नट. फरक एवढाच की यांना स्वतःच्या भाषेचं स्टेज मिळालं. म्हणून टॅलेंट आपोआप उभं राहतं हे मला पटत नाही, ते जमीन मिळाली तर उभं राहतं. आणि स्वित्झर्लंडचं कौतुक इथेच थांबवावं लागतं, कारण त्याच देशाने १९४२ मध्ये सीमेवर आलेले ज्यू निर्वासित परत पाठवले, आमची होडी भरली आहे असं सांगून. ज्यांना आत घेतलं त्यांनी देशाला एवढं दिलं, आणि ज्यांना दारातून परत लावलं त्यांनी काय दिलं असतं याचा कोणी हिशोब ठेवला नाही.

आपल्या मुंबईतही हा फरक दिसतो. विली हास हा बर्लिनचा नावाजलेला साहित्य-संपादक आणि पटकथाकार, १९३९ मध्ये मुंबईत आला आणि मोहन भवनानींसाठी सिनेमे लिहायला लागला. वाल्टर काउफमान हा संगीतकार १९३४ पासून मुंबईत होता, आकाशवाणीची ती सकाळची धून त्याच्या नावावर आहे, आपल्या आजी-आजोबांनी आयुष्यभर ऐकलेली. लेखकाचं भाषांतर झालं, संगीतकाराला तर भाषांतरही लागलं नाही. पण बोइससारखा कॉमेडियन त्या वर्षी बॅलार्ड पिअरला उतरला असता तर काय केलं असतं त्याने? माझ्याकडे उत्तर नाही. आणि तेव्हाच मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये 'अछूत कन्या' करणारा फ्रान्झ ऑस्टेन हा नाझी पक्षाचा सदस्य होता, त्याला हिंदी येत नव्हतं तरी तो हिंदी सिनेमे एकामागून एक करू शकला, कारण डायरेक्टरची खुर्ची भाषेशिवायही चालते.

ह्यावर सगळ्यात जोरदार उत्तर येतं ते असं, की जीव वाचला ना, मग रोल छोटा मिळाला म्हणून काय रडायचं? ह्या उत्तराला मी हलकं समजत नाही. कुर्ट गेरॉन बघा, 'थ्रीपेनी ऑपेरा'च्या १९२८ च्या पहिल्या प्रयोगात मॅक द नाइफचं गाणं गाणारा, 'ब्लू एंजल'मधला जादूगार, तो हॉलंडपर्यंतच पळाला, तिथून तेरेझिन छावणी, तिथे त्याच्याकडून जबरदस्तीने छावणी किती छान आहे असा प्रचारपट करून घेतला आणि मग ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला पाठवून मारला. ओट्टो वालबुर्ग, लाडका विनोदी नट, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून आयर्न क्रॉस मिळवलेला, तोही हॉलंडमध्ये सापडला, तोही त्याच महिन्यात ऑशविट्झला. या दोघांपुढे बोइसचं दुःख मांडायला खरंच जड जातं. पण म्हणून मांडायचंच नाही का? जीव वाचला हे आभार मानण्यासारखं आहेच, ते मानायचे त्याने. आपण बाहेरून बघणाऱ्यांनी 'जीव वाचला, पुरे' म्हणणं म्हणजे हाकलणाऱ्याचं निम्मं पाप माफ करणं. खून हा एक गुन्हा आहे, आणि माणसाच्या हातातलं काम काढून घेणं हा वेगळा, दुसरा गुन्हा आहे, पहिला मोठा म्हणून दुसरा नाहीसा होत नाही.

आणि युद्ध संपल्यावर काय झालं ते तर बघाच, माझा खरा राग तिथे आहे. बोइस १९५० मध्ये परत गेला, पूर्व बर्लिनला. लांगहोफ तेव्हा डॉइचेस थिएटरचा प्रमुख होता, तिथे बोइसने गोगोलचा 'इन्स्पेक्टर' केला, पुढे १९५२ मध्ये ब्रेख्तच्या बर्लिनर आँसांबल या नाटक कंपनीत त्याच्याच नाटकातला पुंटिला, म्हणजे जो रोल आधी श्टेकेलने गाजवला होता तोच. बघा, परत आल्यावर ज्यांनी हात दिला तेसुद्धा परत आलेलेच होते. ज्या लोकांमध्ये तो वाढला, ज्यांना त्याने हसवलं, त्या देशाने एक होऊन त्याला बोलावलं, माफी मागितली, तुझी सोळा वर्षं आम्ही घालवली असं म्हटलं, असं काही झालं नाही. तो काही वर्षांनी पश्चिम बर्लिनला आला आणि सिनेमात परत बहुतेक छोटी छोटी कामं. पीटर लॉरेही जर्मनीत आला, स्वतः डायरेक्ट करून नाझी काळातल्या एका खुन्यावर १९५१ चा सिनेमा केला, आणि लोकांनी तो बघितलाच नाही, तो परत अमेरिकेला निघून गेला.

आणि वेर्नर क्राउस? 'कॅलिगरी'तला डॉक्टर, अफाट नट, त्याबद्दल वादच नाही. पण १९४० च्या 'ज्यू सुस' या द्वेषपटात त्याने एकट्याने अनेक ज्यू पात्रं रंगवली, जितकी घृणास्पद करता येतील तितकी. युद्धानंतर काही काळ बंदी आली, मग उठली आणि १९५४ मध्ये त्यालाच इफलँड अंगठी देण्यात आली. ती अंगठी जी आधी बासरमानकडे होती, ज्याने बायकोसाठी देश सोडला. मला कोणी सांगावं की नटाच्या कलेला राजकारणात ओढू नये, मी ऐकून घेईन, पण मग दोन्हीकडे सारखं लावा ना. राहिलेल्याला 'कलाकार होता हो बिचारा' म्हणून जागा मिळते आणि गेलेल्याला 'आता वीस वर्षांत विसरले लोक तुला' असं सांगितलं जातं, तर हे कलेचं निःपक्षपातीपण नव्हे. राहिलेला सतत दिसत राहिला, त्याच्या भाषेला गंज चढला नाही, त्याचे प्रेक्षक त्याच्याबरोबर म्हातारे झाले. गेलेल्याकडे यातलं काहीच नाही आणि ते नसण्याचं कारण तोच गुन्हा आहे.

बोइसचं नशीब एवढंच की तो भरपूर जगला. १९८१ च्या 'होडी भरली आहे' या स्विस सिनेमात त्याने काम केलं, त्या परत पाठवलेल्या निर्वासितांचीच गोष्ट, त्यातला व्हिएन्नाकडून आलेला म्हातारा ज्यू. त्या सिनेमात तो फार काही करत नाही, थकलेला आहे, नातीला जपतो, पण कॉमेडियनची ती जुनी लय शरीरात अजून आहे हे कळतं. मग १९८२ मध्ये ब्रुनो गांझ आणि ऑटो झांडर या दोन मोठ्या नटांनी कॅमेरा घेऊन त्याच्यावर आणि बेर्नहार्ड मिनेट्टीवर एक डॉक्युमेंटरी केली, तरुण नट म्हाताऱ्या नटांना विचारतायत, ऐकतायत. मला ही गोष्ट फार आवडते, कारण सरकारने नाही, समीक्षकांनी नाही, नटांनी नटाला शोधून काढलं. त्यातूनच पुढे विम वेंडर्सच्या १९८७ च्या बर्लिनवरच्या सिनेमात, जिथे गांझ आणि झांडर देवदूत आहेत, बोइसला होमर नावाच्या म्हाताऱ्याचं काम मिळालं. बर्लिनच्या भिंतीलगतच्या गवताळ ओसाड जागेत तो पॉट्सडामर प्लाट्झ हा जुना चौक शोधत फिरतो, इथे कॉफी हाउस होतं, इथे तंबाखूचं दुकान होतं, कुठे गेलं सगळं. हे काम दुसऱ्या कुठल्या नटाला जमलं नसतं असं नाही, पण दुसऱ्या कोणाला त्याचा असा हक्क नव्हता. १९८८ मध्ये युरोपियन फिल्म अवॉर्ड पहिल्यांदाच दिले गेले आणि सहाय्यक अभिनेत्याचं अवॉर्ड त्याला मिळालं, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी.

हे वाचून कोणाला वाटेल की बघा, शेवटी न्याय झालाच. नाही झाला हो. तो नव्वद वर्षं जगला म्हणून झाल्यासारखा वाटतो. फेलिक्स ब्रेसार्ट, लुबिचच्या 'टू बी ऑर नॉट टू बी'मध्ये आयुष्यभर भालदाराची कामं करून शायलॉकचं स्वप्न बघणारा नट ज्याने केला, तो १९४९ मध्ये अमेरिकेतच वारला. फाइट १९४३ मध्ये पन्नाशीत गेला, हिटलरचा पाडावही न बघता. त्यांच्यासाठी कोणी डॉक्युमेंटरी करायला आलं नाही कारण ते तोपर्यंत उरलेच नव्हते. म्हातारपणापर्यंत टिकून राहिलं तर सत्कार, ही न्यायाची पद्धत होऊ शकत नाही.

आणि हा काही संपलेला विषय नाही. सीरिया, अफगाणिस्तान, इराण, बेलारूस, रशिया, नट आजही देश सोडतायत, आणि गंमत म्हणजे, खरं तर गंमत नव्हे, दैवगतीच म्हणावी, त्यातले कितीतरी जण बर्लिनलाच येतायत. या वेळी जर्मनीने काही गोष्टी शहाणपणाने केल्या हे मान्य करायला हवं. बर्लिनच्या माक्सिम गॉर्की थिएटरने २०१६ मध्ये सीरिया, पॅलेस्टाइन आणि अफगाणिस्तानातून आलेल्या सात नटांचं एग्झिल आँसांबल, म्हणजे निर्वासित नटांचा संच, उभं केलं, ते अरबीत बोलायचे, इंग्रजीत बोलायचे, जर्मनमध्ये अडखळायचे आणि वर पट्टीवर भाषांतर दिसायचं. नाटक त्यांचं स्वतःचं असायचं, प्रवासाचं, रागाचं, प्रेमाचंही. निर्वासिताचा रोल करणारा निर्वासित एवढ्यावर त्यांना थांबवलं नाही. मला वाटतं झ्युरिकचा धडा कोणीतरी गिरवला. २०१८ मध्ये मार्टिन रोट इनिशिएटिव्ह सुरू झालं, धोक्यात असलेल्या कलाकारांना काही काळ सुरक्षित जागी राहायला मदत करणारं. चांगलं आहे. पण या बहुतेक योजना मुदतीच्या असतात, वर्षभर, फार तर थोडं पुढे. चित्रकाराला वर्षात स्टुडिओ मिळाला तर तो काम करून दाखवेल. नटाला वर्षात काय मिळणार? वर्ष तर भाषा कानात बसायलाच जातं आणि मुदत संपते तेव्हा तो नुकता कुठे ऑडिशनला जायच्या लायकीचा झालेला असतो, मग परत तेच, टॅक्सी ड्रायव्हर नंबर दोन, दहशतवादी नंबर तीन.

म्हणून कलाकारांना आसरा देणाऱ्या कुठल्याही देशाकडे, संस्थेकडे माझं मागणं अगदी साधं आहे. नटांना इतर कलाकारांच्या मापाने मोजू नका, त्यांची मुदत चार-पाच वर्षांची ठेवा, आणि पैशापेक्षा आधी त्यांच्या भाषेतलं स्टेज द्या, मग ते शहरातल्या शाळेच्या हॉलमधलं का असेना, कारण त्या त्या भाषेचा प्रेक्षकही त्याच शहरात येऊन राहिलेला असतो, त्यालाही संध्याकाळी आपल्या भाषेत हसायचं असतं. सिनेमाला आणि टीव्हीला सरकारी अनुदान देताना विचारा की परदेशी उच्चाराच्या नटाला डॉक्टरचा, मास्तरचा, शेजाऱ्याचा रोल कितीदा दिला. आणि ज्या दिवशी त्यांच्या देशातली राजवट पडेल त्या दिवशी तिथल्या राष्ट्रीय थिएटरने पहिलं काम हे करावं की गेलेल्यांची यादी काढून प्रत्येकाला नावाने पत्र लिहावं, ये, अमुक नाटक आहे, अमुक तारखेला तालीम आहे, मुख्य काम तुझं आहे.